सिक्युरिटी क्लिअरन्सचा फॉर्म: कॉलेजातला गांजा आणि अ‍ॅडरॉल, काय लिहायचं आणि किती? (एसएफ-८६, सेक्शन २३)

शुभदा_के

नमस्कार मंडळी. प्रश्न भाच्यासाठी आहे. तो इथेच जन्मलेला, अमेरिकन नागरिक, वय २४. एका डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरने नोकरी देऊ केली आहे, पण सिक्रेट क्लिअरन्स (गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी) मिळाला तरच. एसएफ-८६ हा क्लिअरन्सचा अर्ज ऑनलाइन भरायला ई-अ‍ॅपची लिंक आली आहे आणि ड्रग्जबद्दलच्या सेक्शन २३ पाशी गाडी अडली आहे.

वस्तुस्थिती अशी: कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून पदवीपर्यंत मित्रांबरोबर गांजा ओढायचा, महिन्यातून एक-दोनदा. पदवीनंतर एकदाच, १० महिन्यांपूर्वी, कोलोरॅडोतल्या परवानाधारक दुकानातून गमीज (गांजाची चघळायची मिठाई) घेतल्या. काही स्वतः खाल्ल्या, एक पाकीट रूममेटला दिलं. परीक्षांच्या दिवसांत मित्राच्या अ‍ॅडरॉलच्या गोळ्या (लक्ष लागावं म्हणून डॉक्टर चिठ्ठीवर देतात त्या) ३-४ वेळा घेतल्या. अटक, केस, उपचार यातलं काहीही नाही.

मित्र सांगतात, कुठे नोंदच नाही तर लिहितोस कशाला. ताई आणि भावजींना उलटी भीती, की लिहिलं तर पोलीस दारात येतील. मला नेमकं विचारायचंय ते असं: हे सगळं लिहावंच लागतं का? कोलोरॅडोत कायदेशीर होतं, मग तेही? किती वेळा ते आठवत नसेल तर काय? आणि कंपनीतले लोक हे वाचणार का?

---

फॉर्म_वाचक

शुभदाताई, हो, लिहावं लागतं. आणि कोलोरॅडोची सूट इथे लागू होत नाही. सेक्शन २३ च्या माथ्यावरच छापलंय की हे प्रश्न संघीय कायद्याला धरून आहेत, राज्याने परवानगी दिलेली असली तरीही. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ पासून दुकानात उघड विक्री होते, पावती मिळते, पण संघीय कायद्यात गांजा हा नियंत्रित पदार्थच आहे. गांजाचं शेड्यूल (संघीय कायद्यातला औषधांचा वर्ग) बदलण्याची चर्चा कानावर येत असेल, तिच्यावर विसंबू नये. शेड्यूल तीनमधलं औषधसुद्धा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेणं बेकायदाच असतं.

पोलिसांची भीती ताईंच्या मनातून काढून टाका. फॉर्म स्वतःच सांगतो की या सेक्शनमधलं खरं उत्तर, किंवा त्या उत्तरातून निघालेली माहिती, तुमच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरली जाणार नाही. मात्र हे संरक्षण खऱ्या उत्तराला आहे. खोट्या उत्तराला संघीय कायद्याचं कलम १००१ लागतं, त्यात ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे, आणि तो इशाराही त्याच फॉर्मवर आहे.

आता प्रश्न एकेक घ्या, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. सेक्शन २३ म्हणजे एकच "हो/नाही" नाही. त्यात वेगवेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर स्वतंत्र द्यायचं असतं.

पहिला: गेल्या ७ वर्षांत नियंत्रित पदार्थ बेकायदा घेतला का? भाच्याचं उत्तर हो. पदार्थाच्या यादीतून टीएचसीचा (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) पर्याय निवडायचा. मग पहिल्या वापराचा महिना आणि वर्ष, शेवटच्या वापराचा महिना आणि वर्ष, वापराचं स्वरूप, किती वारंवार आणि एकूण किती वेळा. गमीज म्हणजे वेगळा पदार्थ नव्हे, त्या याच नोंदीत येतात. म्हणून "शेवटचा वापर" या रकान्यात कॉलेजातला शेवटचा महिना लिहायचा नाही, कोलोरॅडोचा लिहायचा.

दुसरा, आणि हा हमखास सुटतो: गेल्या ७ वर्षांत अशा पदार्थाची खरेदी, लागवड, हस्तांतर, वाहतूक, विक्री वगैरेंत सहभाग होता का? दुकानातून गमीज घेतल्या ही खरेदी झाली. रूममेटला पाकीट दिलं हे हस्तांतर झालं, पैसे घेतले नसले तरी. पाकीट घेऊन तो कोलोरॅडोबाहेर गेला असेल तर तेही तिथेच, एका वाक्यात. "वापर: हो" आणि "खरेदी: नाही" अशी उत्तरं दिसली की तपासणारा पहिलाच प्रश्न विचारतो, मग आलं कुठून?

तिसरा: दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या प्रिस्क्रिप्शनच्या औषधाचा जाणूनबुजून गैरवापर केला का? अ‍ॅडरॉल इथे येतं. मित्राची गोळी अभ्यासासाठी घेणं म्हणजे गैरवापरच. औषधाचं नाव, कधीपासून कधीपर्यंत आणि कारण लिहायचं. "सगळेच घेतात" हे कारण होत नाही. "अंतिम परीक्षेच्या आठवड्यात रात्री जागण्यासाठी" हे कारण होतं.

बाकीच्या काही प्रश्नांना ७ वर्षांची मर्यादाच नाही, तिथे "कधीही" असं विचारलेलं आहे: क्लिअरन्स हातात असताना वापर, पोलीस किंवा न्यायालयातल्या नोकरीत किंवा सार्वजनिक सुरक्षेशी थेट संबंध असलेल्या कामात असताना वापर, कोणी समुपदेशन किंवा उपचार घ्यायला सांगितले होते का, स्वतःहून घेतले का. भाच्याला ही सगळी "नाही" दिसतात, तरी वाचून मगच टिक करायला सांगा. कॉलेजच्या डीनने कधी एखाद्या "जागृती वर्गाला" पाठवलं असेल, तर ते "सांगितलं होतं" यातच येतं.

आकड्याचं म्हणाल तर आठवत नाही म्हणून रकाना मोकळा सोडायचा नाही आणि "काही वेळा" असंही लिहायचं नाही. हिशोब मांडायचा. तीन शैक्षणिक वर्षं, वर्षाचे ९ महिने, म्हणजे २७ महिने. महिन्यातून एकदा धरलं तर २७, दोनदा धरलं तर ५४. उन्हाळ्यात घरी असताना कधी ओढला असेल तर तो वर. मग "अंदाजे ३० ते ५५ वेळा, महिन्यातून १-२ वेळा, बहुतेक शनिवार-रविवारी मित्रांच्या खोलीवर" असं लिहायचं. तारखांच्या शेजारी "अंदाजे" अशी खूण करायला चौकट असते, ती वापरायची. पट्टा देताना वरचं टोक प्रामाणिक असावं. फॉर्मवर १० आणि मुलाखतीत "पन्नासेक असेल" असं झालं, तर पन्नास वेळा ओढल्याचं कोणी मनावर घेणार नाही, त्या चाळिसांचा हिशोब मात्र मागितला जाईल.

कंपनीबद्दल: एफएसओ, म्हणजे कंपनीचा सिक्युरिटी ऑफिसर, फॉर्म पूर्ण आहे की नाही एवढ्यापुरता पाहतो. कॉन्ट्रॅक्टरांना लागू असलेल्या नियमांनुसार ती माहिती दुसऱ्या कुठल्याही कामासाठी वापरायला त्याला मनाई आहे. एचआरकडे ती जायची नसते. म्हणून एचआरच्या बाईंनी सहज म्हणून विचारलं तर तिथे कबुलीजबाब देत बसू नये. या उत्तरांची जागा फॉर्म आणि तपास अधिकारी, एवढीच.

---

रोहन_एटीएक्स

मला हे थोडं अति वाटतं. गांजा लिहावा, मान्य. पण ३-४ अ‍ॅडरॉल आणि रूममेटला दिलेलं एक पाकीट? ज्याची नोंद जगात कुठेच नाही, ते लिहून स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा? सरकारला कळणार तरी कसं?

---

केसबुक

रोहन, "कळणार कसं" याचं उत्तर फॉर्मच्याच सेक्शन १६ मध्ये आहे. तिथे तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या तीन माणसांची नावं द्यावी लागतात, मिळून गेली ७ वर्षं व्यापतील अशी. तपास अधिकारी त्यांना भेटला की ड्रग्जबद्दल विचारतोच. शिवाय त्या तिघांकडून आणखी नावं काढतो, जी अर्जदाराने दिलेलीच नसतात. कॉलेजच्या तीन वर्षांत सोबत राहिलेला रूममेट हा अशा यादीत सर्वात आधी येणारा माणूस. त्याने "हो, परीक्षेच्या वेळी कधीतरी अ‍ॅडरॉल घ्यायचो आम्ही" एवढं म्हटलं की पुरे. त्याला वाटतं मित्राची तारीफ चाललीय, तो काही लपवायला बसलेला नसतो.

पण खरा मुद्दा सापडण्याचा नाहीच. निर्णय कुठल्या कसोटीवर होतो ते पाहा. ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या सीड-४ या क्लिअरन्सच्या निर्णयांसाठीच्या संघीय निर्देशात १३ मार्गदर्शक सूत्रं आहेत, ए ते एम. ड्रग्जचं सूत्र एच. खरेपणाचं, वर्तनाचं सूत्र ई. भाच्याचा कॉलेजातला वापर एचमध्ये येतो आणि एचला उतारे, म्हणजे दोष सौम्य करणाऱ्या अटी, आहेत: वापर जुना असणं, क्वचित असणं, पुन्हा घडणार नाही अशा परिस्थितीत घडलेला असणं, ड्रग्ज घेणाऱ्या सोबत्यांपासून दूर होणं, ती जागा, ते वातावरण बदलणं, आणि यापुढे ड्रग्जपासून पूर्ण दूर राहीन असं सही केलेलं निवेदन. पदवी झाली, वसतिगृह सुटलं, नोकरी लागली, या गोष्टी यातल्या काही अटी पुऱ्या करायला मदत करतात.

ई सूत्रात जाणूनबुजून वगळलेली गोष्ट आली की असे उतारे फार थोडे उरतात. त्यातला मुख्य एकच: पुरावा समोर ठेवला जाण्याआधी, स्वतःहून आणि तातडीने दुरुस्ती केली असेल तर. म्हणजे चार गोळ्या लपवून अर्जदार सौम्य सूत्रातून कडक सूत्रात स्वतःच्या पायाने चालत जातो. आणि सीड-४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की शंका उरली तर ती राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने सोडवायची. अर्जदाराच्या बाजूने नाही. फौजदारी खटल्यातल्या संशयाच्या फायद्याची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं, पण इथे आरोप शाबीत करायची जबाबदारी सरकारवर नसते. विश्वास ठेवावा असं आपण आहोत हे अर्जदाराला दाखवावं लागतं.

अर्धवट सांगणं हा तर सगळ्यात वाईट मार्ग. गांजा लिहिला, अ‍ॅडरॉल गाळलं, तर "विसरलो" म्हणायची सोय राहत नाही. तोच सेक्शन उघडून, विचार करून, निवडून लिहिलंय हे कागदच सांगतो.

शुभदाताई, १० महिन्यांबद्दल. किती महिने गेले की चालतं, असा आकडा सीड-४ मध्ये नाही. मुद्दाम ठेवलेला नाही, संपूर्ण माणूस पाहायचा असतो. २१ डिसेंबर २०२१ ला राष्ट्रीय गुप्तचर संचालकांच्या कार्यालयाने गांजाबद्दल जे स्पष्टीकरण काढलं, त्यातही हेच आहे: पूर्वीचा वापर विचारात घेतला जाईल, पण तेवढ्यावरच निकाल लागणार नाही. मात्र त्याच स्पष्टीकरणात अर्जदारांना वापर थांबवायला सांगा, असं खात्यांना कळवलंय, आणि प्रक्रिया सुरू होते ती एसएफ-८६ वर सही होते त्या क्षणी. सहीनंतरची एक गमी ही कॉलेजातल्या पन्नास वेळांपेक्षा जड पडते. सध्या बेकायदा वापर करत असलेल्याला क्लिअरन्स देताच येत नाही, हे तर काँग्रेसने कायद्यानेच बांधून ठेवलंय. बॉन्ड दुरुस्ती म्हणतात ती हीच.

२०२१ च्या त्या स्पष्टीकरणात आणखी दोन गोष्टी आहेत. सीबीडीची (त्याच झाडातलं नशा न आणणारं द्रव्य) उत्पादनं: टीएचसी ०.३ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर तो गांजाच, आणि डबीवरच्या लेबलवर विश्वास ठेवता येत नाही. लघवीच्या तपासणीत टीएचसी आलं तर "मी फक्त झोपेचं तेल घेतलं" हे सिद्ध करणं महाकठीण. आणि गांजाच्या कंपन्यांचे शेअर थेट, माहीत असून घेतले असतील तर तेही प्रतिकूल मानलं जाऊ शकतं. म्युच्युअल फंडात नकळत आले असतील तर नाही. भाच्याच्या ब्रोकरेज खात्यावर एकदा नजर टाकायला सांगा, या वयाची मुलं गंमत म्हणून असे शेअर घेऊन ठेवतात.

सेक्शन २३ मध्ये प्रत्येक पदार्थाच्या नोंदीत "पुढे वापरण्याचा इरादा आहे का" असाही प्रश्न आहे, कारणासकट. इथे "संघीय पातळीवर कायदेशीर झाल्याशिवाय नाही" असं लिहिणारे पुष्कळ आहेत. लिहिणाऱ्याला ते प्रामाणिक वाटतं. वाचणाऱ्याला दिसतं की सोडलेलं नाही, वाट पाहणं चाललंय. खरोखर सोडलं असेल तर "नाही" आणि त्यापुढे दोन वाक्यं कारणाची. खरोखर सोडलं नसेल तर ही नोकरी घेऊ नये, इतकं साधं आहे ते.

---

संध्या_व्हीए

वरच्या दोघांशी सहमत. दोन व्यवहारी गोष्टींची भर.

एक, अंतरिम क्लिअरन्स, म्हणजे तपास पूर्ण होईपर्यंतचा तात्पुरता. इतका अलीकडचा वापर लिहिला की अंतरिम बहुधा मिळत नाही, आणि त्याची चिठ्ठी आली की घरात रडारड सुरू होते. अंतरिम न मिळणं म्हणजे नकार नव्हे. त्यावर अपील नसतं, पण मुख्य तपास चालूच राहतो. कंपनी तोवर थांबायला तयार आहे का, एवढंच पाहायचं.

दोन, मुलाखत. टॉप सिक्रेटला ती होतेच. सिक्रेटला काही मुद्दा निघाला तर होते, आणि भाच्याच्या बाबतीत होईल असंच धरून चाला. डीसीएसएचा (क्लिअरन्सचा तपास करणारी संरक्षण खात्याची संस्था) अधिकारी किंवा त्यांचा कंत्राटी तपासनीस फोन करेल. त्याचं ओळखपत्र पडताळून पाहायचा अधिकार आहे, तो वापरावा. मुलाखतीत फॉर्म ओळीओळीने वाचला जातो. कुणाबरोबर, कुठे, पैसे कोणी दिले, शेवटचं कधी, मित्र अजून घेतात का, तुम्ही त्यांच्याबरोबर बसता का, घरच्यांना माहीत आहे का. शेवटचा प्रश्न उगाच नसतो. आईवडिलांपासून लपवलेली गोष्ट म्हणजे कोणीतरी दबाव आणू शकेल अशी जागा. ताई-भावजींना कळलंय हे भाच्याच्या फायद्याचंच आहे, आणि ते त्याने सांगावं.

मित्रांची नावं विचारली तर बरेच जण इथे अडतात. पूर्ण आणि खरं उत्तर द्यायला नकार देणं हेही ई सूत्रात मोडतं. आधी मनाची तयारी करून जावं. तपासनीस निर्णय देत नाही, तो फक्त टिपून घेतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात किंवा त्याला पटवण्यात वेळ घालवू नये. विचारलं तेवढं सांगावं. ७ वर्षांच्या आतलं फॉर्मवर, त्याआधीचं विचारलं तर तोंडी, खरं.

आणि हो, जास्तीचं लिहिण्याचीही गरज नाही. ७ वर्षांपूर्वीचं एखादं कश फॉर्म मागत नसेल तर कोंबू नका. मुदत सहीच्या तारखेपासून मागे मोजायची.

---

विकास_एनजे

मुलीसाठी एक उपप्रश्न. ती एफबीआयला अर्ज करणार आहे. तिथे हेच नियम आहेत का? आणि सुट्टीत भारतात गेली असताना होळीला भांग प्यायली होती, ती मोजायची का?

---

फॉर्म_वाचक

विकासराव, एफबीआयची नोकरीची अट वेगळी आणि क्लिअरन्सची कसोटी वेगळी. तिथे अर्जाच्या तारखेआधी १ वर्षात गांजा चालत नाही, इतर बेकायदा ड्रग्ज १० वर्षांत चालत नाहीत. ही अट पुरी झाली तरच पुढे एसएफ-८६ येतो, आणि पॉलिग्राफही असतो. अट पुरी होण्याआधी घाईने अर्ज केला आणि तारीख मागे ढकलली, असं करणारी मुलं तिथेच अडकतात. तारीख बसत नसेल तर वर्ष पुरं होऊ द्यावं आणि मग अर्ज करावा.

भांगेचं असं आहे. भारताच्या १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात शेंड्यांशिवायची नुसती पानं "गांजा" या व्याख्येत येत नाहीत, म्हणून तिथे भांग उघड मिळते. अमेरिकेच्या कायद्यातल्या व्याख्येत पानंही आली. परदेशात, तिथल्या कायद्यात बसणारा वापर हा "बेकायदा" धरायचा की नाही यावर कीस पाडता येतो, पण तो कीस मुलीने फॉर्मवर पाडू नये. माझं मत: टीएचसीखाली लिहावं आणि शेजारच्या टिप्पणीत देश, महिना, प्रसंग, एकदाच, असं एका ओळीत द्यावं. प्रवास सेक्शन २० मध्ये दिसणारच आहे, दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळतील.

---

शुभदा_के

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाच्याशी सविस्तर बोलले आणि एक नवीन गोष्ट बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी एका सरकारी प्रयोगशाळेत उन्हाळी इंटर्नशिप केली होती. तेव्हा एसएफ-८५ भरला होता, त्यात ड्रग्जच्या प्रश्नाला "नाही" लिहिलंय. तेव्हा तो ओढत होता. आता काय?

---

केसबुक

हे महत्त्वाचं आहे, आणि आधी कळलं हे फार चांगलं झालं.

एसएफ-८५ हा संवेदनशील नसलेल्या पदांचा फॉर्म, त्यात ड्रग्जचा प्रश्न गेल्या १ वर्षापुरता असतो. त्या १ वर्षात वापर होता, म्हणजे उत्तर खोटं होतं. जुने फॉर्म सरकारदरबारी राहतात आणि नव्याशी ताडून पाहिले जातात. आता एसएफ-८६ मध्ये खऱ्या तारखा लिहिल्या की विसंगती आपोआप दिसणार. म्हणून काही जण तारखा मागेपुढे करून दोन्ही फॉर्म जुळवायला बघतात. तसं केलं तर एका खोट्याची दोन खोटी होतात आणि दुसरं २४ व्या वर्षी, पूर्ण समज असताना केलेलं ठरतं.

पण फॉर्म_वाचक यांनी वर जे म्हटलं की खऱ्या उत्तराला संरक्षण आहे, ते इथे जसंच्या तसं लावू नका. ते संरक्षण ड्रग्जच्या उत्तराला आहे. जुन्या फॉर्मवर खोटं लिहिलं होतं ही कबुली वेगळी गोष्ट आहे, कलम १००१ चा विषय आहे. इंटर्नशिपच्या फॉर्मवरून प्रत्यक्ष खटले भरले जाणं विरळा, तरी सही करण्याआधी सिक्युरिटी क्लिअरन्सचं काम करणाऱ्या वकिलाशी एक तास बोलावं. इमिग्रेशनचा किंवा घरखरेदीचा ओळखीचा वकील याला उपयोगी नाही. एसएफ-८६, डोहाची (क्लिअरन्सच्या सुनावण्या घेणारं संरक्षण खात्याचं कार्यालय) सुनावणी हे शब्द ज्याच्या रोजच्या वापरात आहेत असाच हवा. फॉर्मला मुदत आहे असं एफएसओला सांगून ती वाढवून मागता येते. "कागदपत्रं जमवायला आठवडा हवा" एवढं कारण पुरतं, आणि ते खरंही आहे.

वकील बहुधा असं सुचवेल: सेक्शन २३ च्या टिप्पणीत खऱ्या तारखांपाठोपाठ लगेच, अमुक वर्षी एसएफ-८५ वर मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं, ते मी इथे दुरुस्त करतो आहे. कारण खरं असेल तेच. "प्रश्न नीट वाचला नाही" हे खरं नसेल तर लिहू नये, कारण मुलाखतीत तोच प्रश्न त्याच्यासमोर छापील ठेवला जाईल आणि "यातलं काय समजलं नाही?" असं विचारलं जाईल. "इंटर्नशिप हातची जाईल म्हणून भ्यालो" हे ऐकायला वाईट, पण २२ वर्षांच्या मुलाच्या तोंडी ते पटण्यासारखं आहे, आणि नंतर बदलावं लागत नाही.

---

संध्या_व्हीए

केसबुक म्हणतात ती दुरुस्ती मुलाखतीवर ढकलू नका. सिक्रेटच्या तपासात मुलाखत होईलच याची खात्री नाही, आणि झाली तर त्याआधी जुना फॉर्म अधिकाऱ्याच्या हातात असतो. त्याने तो दाखवल्यावर सांगितलं तर "समोर ठेवण्याआधी" ही अट निसटली. सहीच्या फॉर्मवरच दुरुस्ती असली की तो प्रश्न उरत नाही. फॉर्म पाठवल्यावर काही आठवलं, तर त्याच दिवशी एफएसओला लेखी कळवावं. पुढे गेला नसेल तर परत मागवता येतो, गेला असेल तर मुलाखतीची सुरुवात "मला एक दुरुस्ती करायची आहे" या वाक्याने करावी.

निवेदनाबद्दल वर उल्लेख आलाय पण मजकूर कोणी दिला नाही. अर्ध्या पानाचं पुरे. यापुढे कुठल्याही ड्रग्जमध्ये किंवा औषधांच्या गैरवापरात सहभागी होणार नाही. असा कुठलाही सहभाग हा क्लिअरन्स रद्द करण्यास कारण ठरेल हे मला मान्य आहे. हे दुसरं वाक्य सीड-४ मध्ये मागितलेलं आहे, ते गाळलं तर निवेदनाचं वजन जातं. खाली सही आणि तारीख. नोटरी लागतेच असं नाही. मुलाखतीत द्यावं, किंवा लेखी प्रश्नावली आली तर तिच्या उत्तराला जोडावं.

---

शुभदा_के

आणि इतकं करूनही नकार आला तर?

---

केसबुक

थेट नकार येत नाही. आधी कारणांचं निवेदन येतं, एसओआर म्हणतात. त्यात एच आणि ई खाली क्रमांक घालून एकेक आरोप असतो. कॉन्ट्रॅक्टरच्या कर्मचाऱ्याला ते मिळाल्यापासून २० दिवसांत, शपथेवर, प्रत्येक क्रमांकाला "मान्य" किंवा "अमान्य" असं उत्तर द्यावं लागतं. सुनावणी हवी असेल तर त्याच उत्तरात मागायची, ती डोहाच्या न्यायाधीशापुढे होते. उत्तर दिलंच नाही तर प्रकरण तिथेच संपतं, आणि कितीतरी जण पाकीट न उघडता ठेवून हे घालवतात. पत्ता बदलला तर एफएसओला लगेच कळवा.

डोहाचे निकाल नावं काढून जाहीर होतात. भाच्याने सही करण्याआधी एच आणि ई अशी दोन्ही सूत्रं असलेले चार-पाच निकाल वाचावेत, मिळाला ते आणि नाकारला ते, दोन्ही. न्यायाधीश कुठल्या ओळीवर बोट ठेवतो ते त्यात दिसतं: शेवटची तारीख, आकड्यातली वाढ, आणि चूक पहिल्यांदा कोणी उघड केली, त्याने की तपासनीसाने.

पाठवण्याआधी ई-अ‍ॅपमधून संपूर्ण फॉर्मची पीडीएफ उतरवून स्वतःजवळ ठेवायला सांगा. मुलाखतीच्या आदल्या रात्री वाचायला लागते, आणि पुढे कधी टॉप सिक्रेटसाठी नवा फॉर्म आला तर तारखा तीवरूनच घ्यायच्या असतात.